दानाची गिटार

भिंतीकडे तोंड करून उभी राहा, मागे वळून बघू नकोस, असं लेकीनं, दिव्यश्रीनं, सांगितलं आणि अंबुजा शिक्षा झालेल्या मुलीसारखी उभी राहिली. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवताना तिनं कितीतरी मुलांना असं उभं केलं होतं. आज तिची पाळी. समोर खिळ्याला नागस्वराच्या तोंडाशी बसवायच्या पत्त्यांची पाकिटं टांगली होती, त्यांच्या खाली वीणेच्या तारांची वेटोळी, आणि त्याच्याही खाली दुकानातल्या कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत घातला होता. पाठीमागे सुब्रमण्यम, म्हणजे दुकानदार, दोन बेस गिटारी आळीपाळीनं मांडीवर घेऊन एकच चाल वाजवत होता. एक गिटार सतीशकुमारची, तिच्या नवऱ्याची, घरून रिक्षात घालून आणलेली. दुसरी त्याच कंपनीची, त्याच आकाराची, तशीच कडेला काळी आणि मध्ये तांबूस, पण अमेरिकेऐवजी इंडोनेशियात बनलेली स्वस्त आवृत्ती. डोळे मिटून कोण ओळखतं आणि कोण फसतं, असल्या परीक्षा दिव्यश्री फोनवर तासन्‌तास बघायची. अप्पांची कुठली ते सांग, ती म्हणाली. अंबुजानं ऐकलं. धुम्म, धुम्म. मग थोडं थांबून पुन्हा तसंच धुम्म, धुम्म. पहिली, तिनं सांगितलं. चूक. पुन्हा वाजलं, पुन्हा चूक. मग तिनं मनात आलं त्याच्या बरोबर उलट सांगून पाहिलं, तर तेही चुकलं. सुब्रमण्यम समजुतीच्या सुरात तमिळमध्ये म्हणाला की भलेभले फसतात, मनाला लावून घेऊ नका. मग दिव्यश्री स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दर वेळी बरोबर सांगत गेली, जांभई दिल्यासारखं. अंबुजा वळून दोन्ही गिटारींकडे बघत राहिली. इतकी वर्षं हे वाद्य तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या मांडीवर वाजलं होतं आणि तिला ते ओळखता आलं नव्हतं. आता आपल्याला काहीतरी होईल, म्हणून ती थांबली. काही झालं नाही. कुठंतरी बसावंसं वाटलं, इतकंच.

या दुकानात येण्याचं कारण वर्षश्राद्ध. सतीशकुमारला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा नाही, तेव्हा धाकटा दीर श्रीनिवासराव करणार होता. तेराव्यापर्यंतचंही सगळं त्यानंच केलं होतं, न चुकता, न दमता, बँकेत काम करतो तसं. घराण्याचे भटजी कृष्णमूर्ती वाध्यार काय काय लागेल ते सांगायला येऊन बसले. छत्री, चप्पल, तांब्या, धोतरजोडी असं सांगत सांगत शेवटी म्हणाले की गेलेल्याच्या जिवाची एखादी वस्तू, ती वापरील अशा माणसाला द्यावी. सक्ती नाही, दिलेली बरी. जिवाची वस्तू म्हटल्याबरोबर सगळ्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात ती उभी होती, काळ्या कव्हरात. शास्त्रात गिटार नाही, वाध्यार म्हणाले, त्यामुळे तिचा घेणाराही शास्त्रात सापडायचा नाही, तो तुम्हीच बघा. बघायला लांब जायचं नव्हतं. सतीशकुमार वीज मंडळातली नोकरी सांभाळून ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा तिथं आता साईराम नावाचा तरुण वाजवत होता, तोही दुसऱ्याची गिटार मागून आणून. हे बोलणं चाललेलं असताना दिव्यश्री उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. ती बोलायची तमिळमध्ये, पण घरातल्या तंजावरी मराठीतला शब्द न्‌ शब्द समजायची, ही घरातल्या थोरांची कायमचीच अडचण होती. तेव्हा श्रीनिवासरावानं तोड काढली. दानाच्या वस्तू खऱ्या कोण घेतो? बाजारात दानाची छत्री वेगळीच मिळते, दिसायला छत्रीच, पण उघडली की तिच्या काड्या दाही दिशांना जातात. दानाची चप्पल जेमतेम अंगठ्याला अडकते. दानाचा तांब्या फुंकरीनं लवंडतो. देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ज्याच्यासाठी द्यायचं त्यानंही हयातीत दुसऱ्यांसाठी हेच केलेलं असतं. "वैनी, कंपनी तीच, रूप तेंच," श्रीनिवासराव म्हणाला. "खरी मुलीस राहूं द्या. धाकटी देऊं." अंबुजा बरं म्हणाली. वर्षभर ती सगळ्याला बरं म्हणत आली होती. कुणी म्हणालं पेन्शनचं बघून घे, बरं. कुणी म्हणालं चार दिवस चेन्नईला येऊन राहा, बरं. आणि गेली नाही, तर त्यालाही लोक बरंच म्हणाले.

स्वस्तातली घेण्यासारखी आहे का, हे मात्र तिनं सुब्रमण्यमला विचारलं. गणिताच्या बाईला निदान एवढं विचारणं भाग होतं. त्यानं नवी गिटार आडवी धरून डोळा लावून बघितली. दांडा सरळ आहे, म्हणाला. आता दोन्ही यंत्रावरच कापतात, तिथं फरक नाही. लाकूड जरा हलकं. तार पिळायच्या खुंट्या वर्षाकाठी सैल पडतील. दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांच्या कडा बोटाला लागतात, त्या घासून घ्यायच्या. तारेची थरथर पकडणारे लोहचुंबक साधे, जवळ ट्यूबलाइट असली की गुणगुणतात. दिव्यश्रीचं यावर वेगळं म्हणणं होतं. चुंबक बदलले की ही निम्म्याहून जास्त त्या गिटारीसारखी होते, हे तिनं कितीतरी ठिकाणी ऐकलं होतं, आणि दोघांची तिथंच जुंपली. त्यानं म्हणावं, बदलत बदलत गेलीस तर शेवटी खरीच घेतल्यासारखं होईल. तिनं म्हणावं, सगळ्यांनाच खरी कुठून मिळणार. अंबुजा ऐकत राहिली. वर्षापूर्वी डॉक्टरही असेच शांतपणे बोलले होते, कुठली वाहिनी किती बंद होती ते. तेव्हाही तिनं सगळं समजून घेतलं होतं, परीक्षेला येणार असल्यासारखं. सुब्रमण्यमनं शेवटी निकाल दिला: लग्नात पंगतीला बसलेल्यांसाठी ही पुष्कळ झाली, त्यांना जन्मात कळायचं नाही. जो वाजवील त्याला मात्र रोज कळत राहील. मग त्यानं ती एका पातळ हिरव्या कव्हरात घातली आणि वर खांद्याला अडकवायचा एक पट्टा फुकट दिला.

रिक्षात मायलेकींच्या मध्ये दोन गिटारी उभ्या होत्या, दोन पाहुण्या बायका चढल्यासारख्या, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. ते एका परीनं सोयीचं होतं. अंबुजा आठवायला लागली की सतीशकुमार वाजवायचा तेव्हा तिला नेमकं काय ऐकू यायचं. संध्याकाळी ऑफिसातून आला की कॉफी घेऊन तो मधल्या खोलीत बसायचा. घरात आवाज मोठा करायच्या पेटीला वायर जोडायचा नाही, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. नुसत्याच जाड तारा छेडायचा. ती जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायची. ऐकू यायचे ते ठोके. गाणं नाही, चाल नाही, पलीकडच्या घरात कुणी उखळात काही कांडत असावं तसं. लग्न नवीन असताना ती विचारायची, हे कुठलं गाणं; तो सांगायचा, आणि तरीही तिला ते गाणं त्यात सापडायचं नाही, तो तोंडानं म्हणून दाखवेपर्यंत. मग ती चिडवायची की एवढं मोठं धूड मांडीवर घेऊन तुम्ही कुणाला काही ऐकूच येऊ देत नाही. तो हसून म्हणायचा, माझं ऐकूं येऊं नये, गाणाराचा पाय घसरूं नये, तेवढ्यास मी. हळूहळू तिनं विचारणं सोडलं. विचारणं सोडलं म्हणजे प्रेम कमी झालं असं नव्हे. सांबारात हिंग किती, हेही ती विचारायची नाही. शोकसभेत ऑर्केस्ट्राचा गायक म्हणाला होता की बेस वाजत असतो तोवर कुणाचं लक्ष नसतं, तो थांबला की सगळं पोकळ होतं, तसे आमचे सतीशअण्णा. लोकांनी माना डोलावल्या होत्या. अंबुजानं तेही मनावर घेतलं होतं. घरी येऊन ती संध्याकाळी टेबलाशी बसली आणि पोकळ वाटायची वाट बघत राहिली. मधली खोली गप्प होती. तिला फ्रिजचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं फ्रिज एवढा आवाज करत होता, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तो गेला पापनाशमला, एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये. कार्यक्रम संपला होता. सामान व्हॅनमध्ये चढवून तो मंडपाच्या पायरीवर बसला, सोडा आणायला सांगितला, आणि सोडा येण्याआधीच आडवा झाला. बाकीचे त्याला घेऊन तिथल्या दवाखान्यात धावले आणि तेव्हा हाताखाली असलेल्या साईरामला सामानाबरोबर पुढे तंजावरला पाठवलं, घरी नीट सांग म्हणून. त्या बिचाऱ्याला कसलं नीट सांगता येणार. तो दारात गिटार घेऊन उभा राहिला. अंबुजाला वाटलं, सतीशकुमार मागून व्हॅनचं भाडं चुकवून येत असेल. तिनं साईरामच्या हातातून गिटार घेतली, कोपऱ्यात नेली, तारा भिंतीला लागू नयेत म्हणून तोंड बाहेर करून ठेवली, खाली घसरू नये म्हणून पायपुसणं लावलं, आणि मग वळली. तेव्हा तो रडत होता. गिटार आधी घरी आली आणि माणूस नंतर आला. अंबुजाला पुढं पुष्कळदा वाटलं की आपण अजून ते पायपुसणंच नीट करतोय, अजून वळलोच नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, रडून टाक. शाळेतल्या म्हणाल्या, काय धीराची. दोन्हींत तथ्य नव्हतं. दात उपटताना हिरडी बधिर करतात आणि मग डॉक्टर काय काय ओढतात ते नुसतं कळतं, दुखत नाही, तसं तिचं वर्ष गेलं होतं. आणि घाबरण्यासारखी गोष्ट ही की तिला त्याची सवय व्हायला लागली होती. नवऱ्यासाठी आपल्याला कधीच काही वाटणार नाही की काय, एवढा एकच प्रश्न तिला अधूनमधून पडायचा, आणि तोही दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसा.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दिव्यश्रीनं नव्या गिटारीला चांगल्या तारा चढवल्या, नखं घासायच्या कानशीनं पट्ट्यांच्या कडा घासल्या, आणि वाजवून बघून म्हणाली की वाईट नाही, साईराम अण्णांना चालेल. वडील शिकवायचे तेव्हा ती टाळायची. आता दोन्ही गिटारी मांडीवर घेऊन घेऊन तिचा चेहरा जरा उघडला होता. अप्पांची आपल्याकडे राहणार, हे दिवसातून दोनदा तरी ती आईकडून वदवून घ्यायची. ती ट्यूशनला गेल्यावर अंबुजा मधल्या खोलीत गेली आणि सतीशकुमारची गिटार काढून मांडीवर घेऊन बसली. जड होती. जिथं त्याचा कोपर टेकायचा तिथला रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं. तिनं तिथंच आपला कोपर ठेवला. तारांना लोखंडाचा वास येत होता, त्याचा येत नव्हता. एक तार ओढली, आवाज आला. दुसरी ओढली, दुसरा आवाज आला. दुकानात चूक होण्याची शक्यता होती. इथं तीही नव्हती, हीच ती, आणि तरी काही नाही. मग तिच्या मनात वर्गात सांगायची गोष्ट आली. दोन राशी सारख्या असतील तर एकीच्या जागी दुसरी घालता येते, काही बिघडत नाही. तिच्या लेखी दोन्ही सारख्या होत्या. मग खरी अडवून ठेवायची ती कशासाठी? हा विचार काही तिनं पुढं नेला नाही. गिटार कव्हरात घातली आणि उद्यासाठी उडीद भिजत घातले.

सकाळी घर धुरानं आणि नातेवाइकांनी भरलं. श्रीनिवासराव उघड्या अंगानं, बोटात दर्भाचं पवित्रक घालून, वाध्यार सांगतील तसं करत होता. छत्री दिली गेली, न उघडता. तांब्या दिला गेला. मग वाध्यार अंबुजाकडे वळले आणि म्हणाले की ही शेवटची वस्तू तुमच्या यजमानांची, ती तुमच्याच हातून गेली पाहिजे, घेऊन या. ती आतल्या खोलीत गेली. दोन्ही गिटारी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हिरव्या कव्हरातली आणि काळ्या कव्हरातली. तिनं काळी उचलली. आपण काही ठरवलं असं तिला तेव्हा वाटलं नाही आणि नंतरही कधी वाटलं नाही. ती बाहेर आली तेव्हा श्रीनिवासरावाचं लक्ष गेलं; तो अर्धवट उठला, खाकरला, पण मंत्र चालू होता आणि मंत्रात बोलता येत नाही. साईराम नवं धोतर नेसून पाटावर बसला होता. वाध्यारांनी तिच्या हातावर तीळ ठेवले, पाणी सोडायला सांगितलं, आणि म्हणायला सांगितलं. "न मम," ती म्हणाली. माझं नाही. किती सहज आलं तोंडून. साईरामनं दोन्ही हातांनी गिटार घेतली आणि वजनावरूनच त्याला कळलं. "अण्णी," तो नेहमीसारखा तमिळमध्ये वहिनी म्हणाला, "हें..." "घे," ती म्हणाली. बायकांमध्ये कुजबुज झाली, एका आत्यानं पदर डोळ्यांना लावला, केवढं मन म्हणायचं हें. वाध्यारांनी तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दान म्हणतात ते याला. न सोडवलेल्या गणिताला पैकीच्या पैकी मिळावेत तसं अंबुजाला झालं आणि ती खाली बघत राहिली.

पण दान अजून पुरतं झालं नव्हतं. घेणारानं ती वस्तू देणाराच्या देखत एकदा वापरायची, वाध्यार म्हणाले. चप्पल दिली तर पायांत घालायची, हें आहे तर वाजवायचं. साईरामनं पुष्कळ आढेवेढे घेतले, मग कव्हर काढलं आणि पाटावर मांडी घालून ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या पहिल्या गाण्याची चाल वाजवायला लागला. नुसत्या तारा, पेटी नाही, वायर नाही, मधल्या खोलीतून यायचा तसाच आवाज. अंबुजानं पहिले ठोके ऐकले आणि मान वर केली. हा घाई करत होता. तालाच्या जरा पुढं जाऊन बोट टाकत होता, तरुण माणसं टाकतात तसं. सतीशकुमार कधी असं करायचा नाही. तो मागं राहायचा. गाणाऱ्याला पुढं जाऊ द्यायचा आणि मग ठोका ठेवायचा, बाहेर निघताना तिला पुढं घालून आपण मागून कुलूप लावायचा तसा. प्रत्येक ठोका कुठं पडायला हवा ते तिला कळत होतं, आणि तो दुसरीकडेच पडत होता. म्हणजे ती ऐकत होती. पेपर तपासताना, भाजी चिरताना, भांडून पाठ फिरवून निजताना, सगळी वर्षं ती ऐकत होती, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात दोन्ही गिटारींवर हात सुब्रमण्यमचा होता. दिव्यश्रीनं महागडी ओळखली. तिला नवरा ओळखायचा होता आणि तो दोन्हींत नव्हता. हीत तरी कुठं होता. तेच लाकूड, त्याच तारा, रंग उडालेल्या जागी साईरामचा कोपर. सतीशकुमार मेला होता. तिनं जमिनीला हात टेकला. मग तिला ती गिटार हवीशी झाली. चांगलं-वाईट, दान-पुण्य, काही नाही, नुसती हिसकावून घ्यावी इतकी हवीशी झाली. वर्षभरात तिला दुसरं काहीच हवं झालं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात दिव्यश्री उभी होती, हातात पायसाचा डाव. तिनं गिटारीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, डाव तिथंच खाली ठेवला आणि मागच्या दारानं नळाकडे निघून गेली. साईरामचा हात थांबला. तो हलक्या आवाजात म्हणाला की अण्णी, मला ती दुसरी पुरे, ही ठेवा, मला राग येणार नाही. श्रीनिवासरावाच्या चेहऱ्यावर लगेच तोड दिसायला लागली. वाध्यार पाण्याच्या भांड्याकडे बघत बसले. सोडलेलं पाणी परत घेता येत नाही, हे त्यांना सांगावं लागू नये अशी त्यांची इच्छा दिसत होती. सगळे अंबुजाच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द उच्चारला असता तर गिटार कोपऱ्यात परत आली असती आणि कुणी नावं ठेवली नसती. "तुझी झाली ती," ती साईरामला म्हणाली. "गाणं पुरं कर." तिचा आवाज वाकडा आला आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मागं नळाशी दिव्यश्री हात धूत होती, धुतलेलेच पुन्हा धूत होती. तिनं वळून बघितलं नाही. "कां दिलीस?" तिनं विचारलं, आणि विचारलं ते मराठीत, ती मराठीत कधी काही विचारायची नाही. दिली तेव्हा मज कांहीं वाटलंच नाही ग, असं अंबुजा म्हणाली. खरं तेवढंच होतं. दिव्यश्रीनं नळ बंद केला. आतून साईरामचे ठोके पुन्हा सुरू झाले, तारांवर बोटं आपटल्याचे, जाड आणि जवळचे. दोघी ऐकत उभ्या राहिल्या. चाल वर गेली, वळणाशी आली, आणि त्यानं पुन्हा घाई केली.

"चुकला," दिव्यश्री म्हणाली.

"होय," अंबुजा म्हणाली. "ते इथं थांबायचे." आणि ती रडायला लागली.